कुंकवासाठी हेल्मेट

ओढणी तोंडाला बांधून वर हेल्मेट घातलं की माझा चेहरा कुणाला दिसत नाही, म्हणूनच पार्सल पोचवायचं काम मला आवडलं. कॉलेज सुटलं की अ‍ॅप सुरू करायचं, कंटाळा आला की बंद. दारात पोचल्यावर तयार मेसेज पाठवायचा, पार्सल द्यायचं, 'थँक यू' म्हणून वळायचं. इंग्रजी शाळेत गप्प बसायला शिकलेल्या मुलीला आणखी काय हवं!

आईला ते पटत नव्हतं. इंझोरी या आमच्या गावाहून वाशीमला येऊन दोन वर्षं झाली, तरी तिची इथे कुणाशी ओळख नव्हती. "जिथं आपल्याले कोनी ओयखत नाही, त्या दारात तू कायले जातं?" ती म्हणाली. रथसप्तमीपर्यंत कर, मग सोड, असं तिने बजावलं. मला सोडायचं नव्हतं, पण वाद घालणं मला जमत नाही.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी कचोऱ्यांचं मोठं पार्सल होतं. त्या घरी हळदीकुंकू चाललेलं. माझा मेसेज कोण वाचणार? दारातल्या काकूंनी पार्सल आत दिलं आणि करंडा माझ्यापुढे धरला. मी 'नको' म्हणून मान हलवली.

"दारात आलेली पोर कुंकवाबिगर जाते का वं? काढ ते डोक्यावरचं."

मी हेल्मेट काढलं. ओढणी सोडली. केस चपटे, नाकावर ओढणीचा वळ, आणि साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कपाळावर गार बोट टेकलं. हातात तिळगूळ आला, वाण म्हणून चहाची गाळणी आली. मग कुठली, कोणाची, ही चौकशी. इंझोरीची, असं मी पुटपुटले.

काकूंनी माझा हात धरला. "अवं, मंग तू त माह्या माहेरची! मायले काहून नाही आणलं?"

कचोऱ्यांसोबत माहेरही पार्सल आलं, असं कुणी तरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही.

घरी मी गाळणी आईपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. इतकं मी एरवी आठवड्यातही बोलत नाही. काकू कोणाच्या घरातली लेक, हे तिने खुणांवरून ओळखलं. काकूंच्या लग्नात आईने पंगत वाढली होती. गाळणी ती बराच वेळ हातात फिरवत राहिली.

रथसप्तमीला ती ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या स्कूटीवर बसली. काकूंच्या घरी दोघी अशा बोलत बसल्या की मला उठावंसं वाटेना. निघताना मोबाइलवर ऑर्डर वाजली. माझ्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. मी आईकडे बघितलं.

"वाजून राह्यला ना तो? घे. मी बसते मांगं."

हॉटेलातून घेतलेलं पार्सल तिने पोटाशी धरलं, बाळाला धरावं तसं. गिऱ्हाइकाच्या दारात मी 'थँक यू' म्हणेपर्यंत आईने घरच्या बाईंचं माहेर विचारूनही घेतलं होतं.