वकीलसाहेबांनी सरळ केलेलं चक्र

मोटार आपण होऊन बिघडत नाही, मालक ती बिघडवतो, असं नत्थुजी मिस्त्रीचं ठाम मत होतं. अमरावतीच्या राजापेठेत त्याचं टिनाच्या छपराचं दुकान होतं. गावात मोटारी मोजक्याच, त्यामुळे मालकही मोजकेच. पण त्यांतल्या एकालाही नत्थुजी माणसांत धरत नसे. तो माळ्याच्या घरचा. बाप आणि भाऊ वांगी पिकवत राहिले, हा अकोल्याला जाऊन एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या लॉरीवर राबला आणि मिस्त्री होऊन परतला. अक्षरओळख नव्हती. ती नसल्याचं दुःख तर नव्हतंच, उलट पुस्तक वाचून पाना हातात घेणाऱ्याची त्याला शिसारी होती.

अशा माणसाच्या वाट्याला चिंतामणराव वकील आले, एकोणीसशे सदतीस सालच्या हिवाळ्यात.

चिंतामणरावांनी नागपुराहून एक जुनी मोटार आणली होती आणि तिच्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक चार दिवसांत वाचून काढलं होतं. स्टिअरिंग जरा जड वाटलं, म्हणून एका रविवारी ते धोतराचा काचा मारून गाडीखाली शिरले. स्टिअरिंगच्या पेटीतून जी दांडी निघते आणि पुढची चाकं वळवते, ती त्यांनी सोडवली, पुसली, ग्रीस लावलं आणि परत बसवली. दांडीच्या भोकाला आतून दाते असतात. ती बसली एक दाता सोडून.

गाडी बाहेर काढली तर रस्त्यावर सरळ चाले, पण हातातलं स्टिअरिंगचं चक्र जवळजवळ अर्धा फेरा तिरपं. वकीलसाहेबांनी मग चक्राचाच नट काढला, चक्र उपसलं आणि सरळ करून बसवलं.

"पण ते तिरपं कशानं झालं होतं, ते कळलं का?" त्यांच्या पत्नी रमाबाईंनी विचारलं.

"सरळ झालं ना आता? मग?" चिंतामणराव म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सोमवारी अकोल्याच्या कोर्टात काम होतं. रमाबाईंचं माहेर तिथलंच, म्हणून त्याही निघाल्या. बडनेऱ्याच्या पुढे रस्ता उजवीकडे वळतो. चिंतामणरावांनी चक्र फिरवलं, आणखी फिरवलं, आणि ते खट्‌कन अडलं. रस्ता वळला, गाडी वळली नाही. ती सावकाश, मोठ्या इभ्रतीनं, वांग्यांच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वांगी मात्र दोन सऱ्या गेली.

तो मळा गंगूबाईचा, म्हणजे नत्थुजीच्या थोरल्या बहिणीचा. तिनं कमरेवर हात ठेवून वकिलांना खालून वर न्याहाळलं. "अवो, एवढा मोठा रस्ता सरकारनं कोनासाठी बांधला?" एवढंच विचारून तिनं भावाला निरोप धाडला.

नत्थुजी टांग्यानं आला. वाफ्यातली गाडी, कोटाला माती लागलेले वकील, बांधावर जमलेली माणसं, सगळं त्यानं एकदा बघून घेतलं. मग चक्र डावीकडे फिरवलं. चाक भरपूर वळलं. उजवीकडे फिरवलं. जेमतेम वळून अडलं.

"चक्र कोनं काढलं होतं?"

"मी. आणि ते सरळ बसवलंय," चिंतामणराव म्हणाले. "तू खाली बघ, नत्थू. दोष खाली असणार."

"घड्याळाचा काटा हातानं बारावर नेला म्हनून दुपार होते का, वकीलसायेब?"

बांधावर हसू फुटलं. रमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. नत्थुजी मात्र हसला नाही. अकोल्याच्या जिनात पहिल्या वर्षी त्यानं लॉरीचं चक्र अगदी असंच सरळ केलं होतं, आणि उस्तादानं सगळ्या हमालांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज तर मुळीच सांगणार नव्हता.

बांधावरच्या माणसांकडून गाडी रस्त्यावर ढकलवून घेऊन त्यानं दांडी सोडवली. मग वकिलांना आत बसवलं. "आता चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आन् फेरे मोजा. मोठ्यानं."

"एक," चिंतामणराव पुटपुटले.

"आयकू नाई आलं."

"एक! दोन! तीन! साडेतीन!"

"आता तिथून अर्धे मागं या. पावनेदोन. हां, हा पेटीचा मध्य. आता हात काढा."

मागच्या चाकापासून दोरी ताणून नत्थुजीनं पुढची चाकं सरळ केली आणि दांडी बरोबर दात्यावर बसवली. चक्र आता पुन्हा तिरपं दिसत होतं. ते त्यानं सगळ्यांत शेवटी उपसून सरळ केलं. गाडी दोन्ही अंगांनी सारखी वळू लागली.

"एवढंच होतं!" वकील म्हणाले.

"एवढंच होतं," नत्थुजी म्हणाला. "मंग कावून नाई केलं?"

आठवड्यानं कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत चिंतामणराव सांगत होते की, दोष आपण ओळखला आणि मिस्त्रीकडून समोर उभं राहून काम करवून घेतलं. नत्थुजीच्या कानावर ते आलं. तो चिडला नाही; वकिलाकडून त्याची दुसरी अपेक्षाच नव्हती. पुढच्या खेपेला गाडी दुकानात आली तेव्हा त्यानं वकिलांसाठी बाकडं दूर मांडलं आणि म्हणाला, "बसा. हात कोटाच्या खिशात."

आणि नवल म्हणजे चिंतामणराव बसले. पुढली पाच वर्षं ते त्याच बाकड्यावर, हात खिशात घालून, पुस्तकात काय लिहिलंय ते सांगत राहिले. नत्थुजी ऐकत नसे, पण बाकडं आधीच पुसून ठेवत असे.

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि वकिलांनी गाडी विकायला काढली. शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा बागवान ती बघायला आला. त्यानं चक्र दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं आणि नत्थुजीला विचारलं, "गाडी चांगली राखली आहे. मालक कसा माणूस होता?"

"चांगला होता," नत्थुजी म्हणाला. "हात लावत नव्हता."