उजवीकडचा दगड

धुळ्यात आमच्या घरामागे भटू कातारी आणि त्याचा थोरला भाऊ चुडामण यांचं दुकान होतं. पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय, लाटणी असं कातकाम चाले. लेथवर राबायचा भटू. गिऱ्हाईक आणि पूजा चुडामणकडे. वडिलांपासूनची चाल अशी, की दसऱ्याला थोरल्याने हत्यारांना हळदकुंकू लावायचं आणि नारळ रोजच्या वापरातल्या हत्यारावरच फोडायचा. वडिलांच्या वेळी त्यासाठी लाकूड तासायचा बाभळीचा ओंडका होता. सत्याऐंशी साली पटाश्यांना धार लावायला भटूने दोन दगडांचा विजेचा ग्राइंडर आणला आणि चुडामणने नारळ त्याच्या उजव्या दगडावर फोडला. सगळ्यांबरोबर मीही प्रसाद घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ग्राइंडर थरथरू लागला. धार वाकडीतिकडी येई, सागावर ओरखडे उठत. चौरंग परत येऊ लागले.

"जुना माल लई उना हाऊ," चुडामण गिऱ्हाइकांसमोर भटूकडे बोट दाखवून म्हणे.

भटूने बोल्ट आवळून पाहिले. फरक पडला नाही. मग दोन्ही दगड काढून नुसती मोटर चालवली. ती शांत फिरली. डावा दगड चढवला, तरी शांत. उजवा चढवला, तसा बाकावरचा चहाचा कप सरकत काठापर्यंत गेला. त्याने मला हाक मारली. "अक्का, ऐका." डावा दगड बोटावर लटकवून त्याने पटाशीच्या लाकडी मुठीने ठोकला, तो घंटेसारखा वाजला. उजव्याचा आवाज फुटक्या माठासारखा आला.

"भाऊ, हाऊ दगड तडकेल शे. नारळघाई." नारळ फोडल्यानेच तडा गेला, असं त्याचं म्हणणं.

"देवना नारळघाई दगड फुटस का रे? इंजिनेर व्हई गया तू!"

"मंग देवलेच सांग, नवा दगड दे म्हनीसन."

दुकानात बसलेले हसले. चुडामण हसला नाही.

भटू नवा दगड आणायला जळगावला गेला. परतला तेव्हा चुडामणने तोच दगड पुन्हा चढवला होता आणि चारचौघांना दाखवत होता, "देखा, फिरस का नही?" भटू बटण बंद करायला धावला. दगड फुटला. चुडामणला खरचटलंही नाही. भटूचा उजवा डोळा गेला.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला चुडामण सांगे, की दगडावरचं झाकण भटूनेच काढून ठेवलं होतं. ते खरंही होतं. तपासताना काढलेलं झाकण बाकावरच पडलं होतं. दगड पुन्हा कोणी चढवला, हे कोणी विचारलं नाही. भटूनेही सांगितलं नाही.

पुढच्या दसऱ्याला ग्राइंडरला एकही दगड नव्हता.

"दगड कोठे शेतस?"

"घरमा."

"मंग नारळ कसावर फोडू?"

भटूने भावापुढे डोकं वाकवलं. "आठे फोड."

कोणी हसलं नाही. चुडामणने नारळ दुकानाच्या पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा भटूपुढे धरला. भटूने हात पुढे केला. एका डोळ्याने अंदाज चुकला, हात तुकड्याच्या अलीकडेच मिटला. चुडामणने तुकडा त्याच्या मुठीत कोंबला आणि ताट घेऊन माझ्याकडे वळला.