डोंबिवलीत बांधलेली माटवी

गाव सोडलं त्या सकाळी माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक वडिलांची पत्र्याची ट्रंक आणि दुसरी आईनं शिवलेली खताच्या गोणीची पिशवी. पांढरी प्लास्टिकची गोणी धुऊन धुऊन छापील अक्षरं पुसट झालेली, कडेला जुन्या लुगड्याची पट्टी, धरायला मोडक्या खाटेची नवार. आत तांदूळ, कोकमं आणि रिकाम्या औषधाच्या बरणीत भरलेलं लिंबाचं लोणचं. कुडाळच्या स्टँडवर एसटी लागली, तेव्हा वडील खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "जागा गावली की उठू नको." आई पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होती. गाडी हलल्यावर ती ओरडली, ते एवढंच, "बरणी टाकू नको रे. धुवन् ठेव."

तुम्ही जे गावी राहिलात, त्यांना वाटत असेल की निघताना माणूस काहीतरी मोठं बोलतो. आमच्याकडे बोलले नाहीत. तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, त्यांना हे ठाऊक आहे.

पहिली खोली दिवा स्टेशनजवळ घेतली, कारण भाडं परवडत होतं. पाणी यायचं तेव्हा सगळी चाळ धावायची, आणि नाही आलं तर कोणीच कोणाशी बोलायचं नाही. तिथं मी आईची शिकवण कामाला लावली. तेलाचे पत्र्याचे डबे एका बाजूनं कापून, कडा ठोकून, एकावर एक लावून मी मांडणी केली. दुधाच्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून, विणून दारापुढचं पायपुसणं केलं. हौस नव्हती ती. रिकामा डबा फेकायचा म्हणजे नवा विकत आणायचा, एवढाच हिशेब. पुढं अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो, तेव्हा हीच सवय पगाराची झाली. कुठली वस्तू कुठं, किती, कधी संपेल, हे आधी लिहून ठेवणारा माणूस. लग्नानंतर डोंबिवलीत घर घेतलं. नीता कल्याणची. तिनं पहिल्या आठवड्यात माझी डब्यांची मांडणी पाहिली आणि विचारलं, "अहो, हे प्रदर्शन आहे की घर?" आता ती स्वतः आइस्क्रीमच्या काड्या जपून ठेवते.

एक गोष्ट मात्र डोंबिवलीत कधी केली नाही. गणपती. गणपती गावच्या घरीच. दरवर्षी आम्ही तिघं जायचो, मी, नीता आणि आमची मुलगी ऋचा. आमच्याकडे मखर नसतं, माटवी असते. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. नारळ आणि सुपारीचं शिपटं, म्हणजे घड, असतंच, पण खरी शोभा रानाची. तांबडीलाल कवंडळं, पिवळी टरफलं उघडून आत नारंगी बी दाखवणारी कांगण्यांची झुबकी, आणि शेरवाडाची पांढरी पानं. सगळं आदल्या दिवशी रानातून आणायचं. वडील होते तोवर ते आणायचे, आई खाली उभी राहून कुठं काय बांधायचं ते सांगायची. वडील गेल्यावर शेजारचा चुलतभाऊ आणून द्यायचा. सांगणारी आईच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई विहिरीच्या पायरीवर पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. गावात तिला एकटी ठेवण्यासारखी परिस्थिती उरली नाही, म्हणून मी तिला इकडं आणलं. मी घराला कुलूप लावत होतो तेव्हा ती रिक्षात पाठ करून बसली होती. मांडीवर तीच गोणीची पिशवी. मी नोकरीला लागल्यावर ती धुऊन, घडी करून गावी परत नेऊन दिली होती, आणि आईनं ती इतकी वर्षं वापरली.

डोंबिवलीत मी सगळी तयारी केलेली. बाथरूमला दांडा, पलंगाची उंची वाढवलेली, कपाटातले खालचे दोन कप्पे रिकामे, त्यांवर आईच्या नावाची चिठ्ठी. आईनं कपाटाकडे पाहिलंही नाही. कपडे पिशवीत, पिशवी दाराच्या मागच्या खिळ्याला. लागेल तेवढं काढायची, वाळलं की घडी करून परत पिशवीत. नीता म्हणायची, "आई, कपाटात ठेवा ना, सुरकुत्या पडतात." आई म्हणायची, "मी काय हय रवतलंय?"

संध्याकाळी वॉकर घेऊन ती दारापर्यंत यायची आणि विचारायची, "झिला, माका कधी सोडतलंस?" डॉक्टर त्या वर्षी प्रवास नको म्हणाले होते. ते मी सांगितलं. त्यावर एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "चवथ झाली की मी जातलंय. तू येव नको. माझी मी जातलंय." वॉकरवर चालणारी बाई आणि बोलणं असं, की उद्या रिक्षा बोलावून स्टँड गाठेल. तिला बळेच ठेवता येत नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं.

गावच्या भटजींना फोन केला. ते म्हणाले, "कुटुंब जिथं, गणपती तिथं. आणा." म्हणजे पहिल्यांदाच गणपती डोंबिवलीला. आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि माटवी?"

मी म्हटलं, ती माझ्यावर सोड. यादी केली. चौकटीसाठी जुन्या दिवाणाच्या पट्ट्या होत्याच. टांगायला हॉलमध्ये ऋचाच्या पाळण्याची कडी होती. आमच्याकडचे लोक इथल्या बाजारात रानातला माल घेऊन बसतात, हेही विचारून ठेवलं होतं. आणि मी जे स्टोअरमध्ये आयुष्यभर केलं तेच केलं. माल लवकर उचलला. पहिला विक्रेता दिसला त्याच दिवशी कवंडळं, कांगण्या, शेरवाड, सगळं घेऊन आलो, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं आणि यादीवर बरोबरच्या खुणा केल्या.

हरतालिकेच्या दोन दिवस आधी नीतानं फ्रिज उघडला आणि मला हाक मारली. कवंडळं काळी पडून बसली होती, शेरवाडाची पानं तपकिरी चिखल. आई खुर्चीत बसून बघत होती.

"रान कधी फ्रिजात ऱ्हवता काय रे?" ती म्हणाली. "आदल्या दिवशी हाडूचा असता ता. तुका बापाशीन कधी सांगूक नाय?"

सांगायची गरजच पडली नव्हती. बाजारात परत गेलो तर नारळ, सुपारी आणि आंब्याचे टाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, मिळाले. रानातलं संपलेलं. दादरलाही ओळखीच्याला विचारलं, तिथंही नव्हतं. विक्रेता म्हणाला, "साहेब, गावाहून दुसरी खेप येणार नाही. आता पुढच्या वर्षी."

मग मी घरात काय आहे ते बघायला लागलो. ही सवय उपयोगी पडते, कारण माणूस रडत बसत नाही. रद्दी होती. दुधाच्या पिशव्या होत्या. गेल्या दिवाळीत कोणीतरी दिलेल्या पिस्त्यांची टरफलं नीतानं झाडांच्या कुंडीत घालायला ठेवली होती. ऋचाची तुटलेली नारंगी मण्यांची माळ होती. दुधाची पिशवी चुरगाळून तिचा गोळा करायचा, त्यावर रद्दीचा लगदा थापायचा, की कवंडळाचा आकार. पिस्त्याच्या अर्धवट उघड्या टरफलात नारंगी मणी चिकटवला, की कांगणी. पहिली कांगणी झाली ती मी आईपुढं धरली.

तिनं हात मागं घेतला. "देवाच्या डोक्यार खोटी फळा बांधतलंस?"

"मग रिकामी चौकट बांधू?"

"गावाक सगळा खरा असा," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. त्या दिवशी ती जेवायलाही टेबलाशी आली नाही. मला वाटलं, संपलं. चतुर्थी होईल आणि ही खरोखर निघेल.

पण हात चालू ठेवले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जमिनीवर बसून लगदा मळत होतो. मग मागून वॉकरची टकटक.

"लगद्यात मेथी घातलंस?"

"मेथी?"

"सुपाक लगदो लावताना मी काय घालतंय? मेथी वाटून घाल. नायतर कीड लागतली. आणि असो पातळ केलंस तर पावसात सुकतलो कधी?"

नीता उठून मेथी भिजत घालायला गेली. मला आठवलं, गावी जुन्या सुपाची भोकं बुजवायला आई कागदाचा लगदा आणि मेथी लावायची आणि ते सूप आणखी किती वर्षं चालायचं. ऋचानं एक गोळा वर करून दाखवला. "आजी, हे जमलंय?"

"ह्या कवंडळ नाय गो. टोमॅटो हा." आई खुर्चीत बसली आणि हात पुढं केला. "हय हाड."

त्यानंतर आम्ही तिघं मजूर झालो. वाळण्याचा प्रश्न ऋचानं सोडवला. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स कायम गरम असतो, त्याच्यावर कवंडळं ओळीनं बसली. नीताच्या जुन्या नेलपॉलिशच्या बाटल्या रंगाला निघाल्या. मी सरळ लाल फासत होतो तर आई म्हणाली, "रेघो खंय? कवंडळाक नारंगी रेघो असतत, देठापासून खाली." तिनं काडीला कापूस गुंडाळून स्वतः रेघ ओढली. रेघ बरोबर आली. कुठल्या फळाचा देठ कसा वाकतो, कुठलं झुबक्यानं लागतं आणि कुठलं एकटं, ते ती बोलत राहिली. इतकं सलग बोलताना मी तिला डोंबिवलीत पहिल्यांदा ऐकलं.

मध्येच नीता हळूच म्हणाली, "आई, खोटी फळं चालतील ना पण?"

आईनं हातातली रेघ पूर्ण केली. मग म्हणाली, "हातान केलेला खोटा कसा? फ्रिजात कुजलेला, ता खोटा."

संध्याकाळी मी माझ्या यादीवर शेवटची ओळ वाचली आणि अडकलो. शेरवाड. पांढरी पानं. कागदाची केली तर माटवीच्या ओल्या आंब्याच्या टाळांनी भिजून लोंबतील. दुधाच्या पिशव्या पांढऱ्या असतात पण पातळ, वाऱ्यानं चुरगळतात. आम्ही घरभर पांढरं शोधलं. पांढरं, थोडं ताठ, पाण्याला न घाबरणारं. थर्माकोलची ताटली नीतानं काढली, आई म्हणाली, "ता कोंबडीचा हाडूक वाटता." आम्ही हसलो. तीही हसली.

मग ती दाराच्या मागं बघायला लागली. आम्ही तिच्याकडे.

"ती पिशी काढ," ती म्हणाली.

मी पिशवी खिळ्यावरून काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं कडेच्या लुगड्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं, नवार ओढून पाहिली. मग कपडे बाहेर काढायला लागली. लुगडी, पोलकी, गावच्या घराची किल्ली, वडिलांचा चष्मा. सगळं पलंगावर.

"आई, राहू दे," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी बघतो. कपडे कुठं ठेवशील?"

"कपाट हा मा? चिठी लावलंस ती कोणासाठी?" तिनं कात्री मागितली. "हेच्या कडा मेणबत्तीर धर, नायतर धागे सुटतले."

गोणीचं कापड कापलं की उसवत जातं, हे खरं. ती पानं कापत गेली, ऋचा मेणबत्तीच्या ज्योतीवरून कडा फिरवत गेली, मी तारेचे देठ लावत गेलो. नीतानं पलंगावरचे कपडे उचलले आणि कपाटातल्या खालच्या दोन कप्प्यांत लावले. किल्ली आणि चष्मा वरच्या खणात ठेवला. आईनं मान वळवून कुठं ठेवलं ते बघून घेतलं, आणि पुढचं पान कापायला घेतलं.

चतुर्थीला पाळण्याच्या कडीला माटवी टांगली. सांगणारी आईच होती, खुर्चीत बसून. "नारळ मधी. कवंडळा लांब लांब. शेरवाड पुढं घे, दिसूक होया." इमारतीतले लोक दर्शनाला आले आणि वर बघत उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "हे गावाहून मागवलंत?" आई म्हणाली, "नाय. घरातलाच हा सगळा."

गावी विसर्जनानंतर माटवी सोडायची आणि फळं पोरांनी लुटायची. ही लुटता येत नव्हती आणि पाण्यातही सोडायची नव्हती. मी प्रत्येक फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, खोक्यात रचलं, वर चिठ्ठी लावली आणि माळ्यावर चढवलं. स्टोअरकीपरची सवय. नारळाचं खोबरं झालं, आंब्याचे टाळ कुंडीत गेले.

चवथ होऊन गेली. आई दारापर्यंत अजूनही येते, पण सोडायचं विचारत नाही. सकाळी वॉकर घेऊन गॅलरीत जाते आणि खाली येणाऱ्या भाजीवाल्याशी मालवणीत भांडते. त्याला एक अक्षर कळत नाही, तरी तो उत्तर देतो. गावच्या घराला कुलूप आहे, किल्ली आमच्या कपाटात आहे. डॉक्टर हो म्हणाले की आम्ही सगळे जाऊन घर झाडून येऊ, आणि परत येऊ. कुडाळच्या स्टँडवरून निघताना हे "परत" मी गावासाठी म्हणायचो, आता डोंबिवलीसाठी म्हणतो. आईही तसंच म्हणायला लागली आहे, हे तिच्या लक्षात आलंय की नाही, मी विचारलेलं नाही.

परवा नीता रिकामी सॉसची बाटली कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा आई आतून म्हणाली, "टाकू नको गो ती. झाकण लाल हा. पुढल्या चवथीक लागतला."

नीतानं बाटली धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.