आधी कुंकू, मग डोळे

चांगुणाबाईनं ब्रश हातात धरला तो छप्पन्नाव्या वर्षी. हट्टा गावच्या बाया म्हणाल्या, गुडघे दुखायच्या वयात हिला चित्रं सुचून राहिली. जवळा बाजारला दर आठवड्याला रामप्रसाद चितारी महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवत बसायचा. त्याच्या पोरांनी फ्लेक्सचं दुकान टाकलेलं, बापाचं काम कुणाला नको होतं. ही सहा बाजार नुसती बघत उभी राहिली. सातव्या बाजारी म्हणाली, "मला शिकवा."

"या वयात?"

"मुखवटा वय इचारतो का?"

म्हाताऱ्यानं तिच्यापुढं डिंकाची वाटी सरकवली. दोन वर्षं तिनं खडू आणि डिंक खलला, तेव्हा कुठं ब्रश मिळाला. रामप्रसादची शिस्त एकच: चेहऱ्याचा मूळ हात, म्हणजे अंगरंग, सुकला की पहिलं कुंकू. त्या टिकल्यापासून सूत धरायचं आणि भुवया, डोळे, ओठ मोजायचे. कुंकू हललं तर सगळा चेहरा हलला.

आता तिला साठावं लागलं होतं. भादव्यात तिच्या ओसरीवर तीस घरांचे मुखवटे वाळत पडायचे. फक्त घरचे सोडून. घरच्या महालक्ष्म्या अंगणापलीकडं थोरल्या जावेकडं, शकुबाईकडं बसत. चांगुणाबाईचा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून सणाला सोळा भाज्या चिरायच्या तिनं आणि मुखवट्यांना हात लावायचा सवाष्णींनी.

यंदा त्या मुखवट्यांचे पोपडे निघाले आणि शकुबाईला ते मुकाट्यानं आणून द्यावे लागले. चांगुणाबाईनं घासून त्यांना अंगरंग दिला. तिसऱ्या दिवशी शकुबाई सुनेला, पुनमला, घेऊन आली.

"कुंकू पुनम लावंल. बाकीचं तू कर. इधवेच्या हातचं कुंकू माझ्या लक्ष्मीला न्हाई."

"मंग तीस घरी लावलं ते, आक्का?"

"त्यांचं ते बघतेल."

चांगुणाबाईनं रंगाची वाटी पुढं केली. "लाव बाई पुनम."

पुनमनं जीव मुठीत धरून टिकला टेकवला. चांगुणाबाईनं सूत लावलं. एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला कानापर्यंत.

"गव्हाभर डावीकडं गेलं."

"चालतंय तेवढं," शकुबाई म्हणाली. "देवी काय सूत घिऊन बसती का?"

"ती न्हाई बसत. मी बसते. याच्यावर डोळे काढले तर लक्ष्मी तिरळी व्हईल."

आणि तिनं ओलं फडकं उचलून तो टिकला पुसला. एका फटक्यात.

"अगं रांडे!" शकुबाई उभीच राहिली. "देवीचं कुंकू पुसलंस? भरल्या घरात?"

"पुसलं. माझं पुसलं तवा तुमचाच हात व्हता, आक्का. तवा न्हाई कुणी वरडलं."

पुनम भिंतीला टेकली. चांगुणाबाईनं राहिलेल्या लाल डागावर अंगरंगाचा हात फिरवला आणि मुखवटा उन्हात धरला.

"हे वाळंस्तवर ठरवा. करीन तर कुंकवापासून करीन. न्हाईतर असाच न्या आन् बिनडोळ्याची बसवा."

"बाजारातून नवे आणीन मी!"

"आणा की. सासूबाईच्या सासूनं पुजलेले हे मंग कुठं टाकता?"

रंग वाळत होता तसा शकुबाईचा चेहरा ओढला जात होता.

"आत्या," पुनम हळूच म्हणाली, "काकूलाच करू द्या. माझ्यानं बराबर होणार न्हाई."

शकुबाईनं मुखवटे उचलले नाहीत. पायरीवर जाऊन बसली, पाठ करून.

चांगुणाबाईनं बारीक ब्रश ओला केला, श्वास रोखला आणि कपाळाच्या मधोमध कुंकू ठेवलं. ते नीट उमटल्यावरच श्वास सोडला.

"आन् आणखी एक, आक्का. सणाला हे मुखवटे मीच घिऊन येणार. मीच बसवणार."

"लई चढलीस तू, चांगुणे."

"व्हय, चढले," ती म्हणाली आणि भुवईसाठी सूत ताणून धरलं.