नावं ठेवून घेतलेल्या कॅसेटी

हैदराबादला पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवण सांगायची म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती व्हिडिओ गेमच्या तीन कॅसेटींची केस. त्यातला शब्द न् शब्द अजून ताजा आहे. रागही तितकाच ताजा आहे.

सुरुवात वरिष्ठांच्या फोनने झाली. "आबिड्सचा एक व्यापारी येतोय, ओळखीतला आहे. दिलसुखनगरच्या एका मास्तरने त्याला फसवलंय. तक्रार घ्या आणि मास्तरला आजच उचला." साहेब थेट परीक्षा देऊन अधिकारी झालेले, मी शिपायापासून वर चढलेला. माझ्याशी ते हुकमाखेरीज बोलत नसत.

व्यापारी आला. जुन्या गेम्स विकत घेऊन शौकीन लोकांना विकणं हा त्याचा धंदा. आपल्याकडे या गेम्सच्या काळी घरोघरी नकली कॅसेटीच होत्या, त्यामुळे अस्सल जपानी माल मिळाला की शौकीन तुटून पडतात. आणि मोटारींच्या शर्यतीची दुर्मीळ कॅसेट असली तर एका कॅसेटीच्या पैशांत जुनी स्कूटर येते, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरने अस्सल म्हणून नकली कॅसेटी दिल्या, असं त्याचं म्हणणं. माझ्याच टेबलावर त्याने स्क्रू काढून एक कॅसेट उघडली.

"साब, देखो. अंदर कंपनी का छाप नई. मास्टर बोलके भरोसा किया मैं!"

मी तिन्ही कॅसेटी पाकिटात घालून लाखेचं सील केलं, त्यावर त्याची सही घेतली आणि मास्तरला बोलावलं.

मास्तर खासगी क्लासमध्ये गणित शिकवणारा, पन्नाशीचा, आपल्यातलाच, मराठी. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेलं घर. सौदीत जेद्दाला नोकरी करणारे मामा दर सुट्टीला त्याच्यासाठी शर्यतीची एक कॅसेट आणत. आता त्याच मामांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्याने त्यातल्या उत्तम तीन विकल्या होत्या. व्यापाऱ्याने आणलेल्या कॅसेटींचे फोटो मी त्याला दाखवले.

"या माझ्या नाहीत, साहेब."

"सगळे हेच म्हणतात!" मी ओरडलो. "तुमच्या कॅसेटींचे फोटो आहेत?"

"नाहीत. कधी काढावेसे वाटले नाहीत."

व्यापाऱ्याने शौकिनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरचा फोटो टाकून खाली 'चोर' लिहिलं होतं. ते क्लासच्या मालकापर्यंत पोचलं, आणि प्रकरण मिटेपर्यंत शिकवायला येऊ नका, असा निरोप आला. मी त्याला कोठडीत घातला असता तर तो पुन्हा कधी फळ्यासमोर उभा राहिला नसता.

साहेबांचा दुसरा फोन आला. "उचलला का?"

"चौकशी चालू आहे, सर."

"खेळण्यांची कसली चौकशी करताय?"

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. तेवढ्यात मास्तरची बायको आली. नवरा जितका मुका, तितकी ही बोलकी.

"साहेब, नकली होत्या तर हा बाबा दोन तास आमच्या घरी बसून काय करत होता? तीनदा चहा प्यायला. आणि नावं काय ठेवली, विचारू नका! मुलगी बघायला आल्यासारखी. इथे रंग उडाला, तिथे कोपरा गेला. परेशान करून सोडलं यांना."

मी मास्तरकडे वळलो. "हे मला का नाही सांगितलंत?"

"मामांनी दिलेल्या वस्तूंना तो नावं ठेवत होता. ते पुन्हा तोंडातून काढायला नको वाटलं."

मी खुर्चीतून उठलो. माझे वडील सुलतान बाजारात कापडाचे तुकडे विकायचे, मी त्यांच्या शेजारी बसून वाढलो. ज्याला घ्यायचं नसतं तो मालात खोट काढत नाही, तो पुढच्या दुकानात जातो. ज्याला घ्यायचंच असतं तो भाव पाडायला एकेक धागा तपासतो. म्हणजे त्या कॅसेटी सगळ्यांत बारकाईने पाहणारा माणूस एकच होता, आणि तोच माझा तक्रारदार होता.

मी त्याला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. चहा मागवला आणि त्याला डिवचलं.

"शेठ, खरं सांगू? मास्तर तुम्हाला गंडवतो म्हणजे तुम्हाला मालाची पारख नाही."

"मेरेकू पारख नई?" तो उसळला. "अख्ख्या आबिड्समें पूछो, साब!"

"मग भाव तरी पाडलात का? की मागेल ते देऊन आलात?"

आता त्याला राहवेना. मोटरसायकलवाल्या कॅसेटीच्या कोपऱ्यावर लहान मुलाच्या दातांचे व्रण होते, लाल गाडीवालीचं लेबल एका बाजूने उन्हाने पांढरं पडलं होतं, तिसरीच्या पाठीवर जेद्दाच्या दुकानाची अर्धी फाटलेली चिठ्ठी चिकटलेली होती. "एकेक ऐब दिखाया मैं. मास्टर का मुँह उतर गया. आधे में लाया!" जबाब लिहिणाऱ्या रायटरने सगळं टिपून घेतलं, वाचून दाखवलं. शेठने ऐटीत सही केली.

मग मी समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक आणि पोस्टातला एक कारकून असे दोन पंच आत बोलावले. पाकिटाचं सील फोडलं, कॅसेटी ओळीने मांडल्या.

"दाखवा दातांचे व्रण."

त्याने कॅसेट उलटीसुलटी केली. कोपरे गुळगुळीत होते.

"घिस गए होंगे, साब."

"आणि उडालेला रंग परत आला? चिठ्ठी स्वतःच चालत गेली?" मी टेबलावर असा हात आपटला की चहाचा कप खाली गेला. "अस्सल माल कुठाय?"

घाम पुसत तो म्हणाला, "अफझलगंज."

अफझलगंजातल्या गोदामात, जुन्या टीव्हींच्या मागे, कपड्यात गुंडाळलेल्या तिन्ही कॅसेटी सापडल्या. व्यापाऱ्याला माल हवा होता आणि पैसेही परत हवे होते. पंचनामा झाला, तक्रारदाराचा आरोपी झाला. ओळख पटवताना मास्तरच्या बायकोने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "आमच्या पोरीचे दात हे. आता कॉलेजात आहे."

कौतुकाचं प्रशस्तिपत्र निघालं ते साहेबांच्या नावाने. 'बारकाईने केलेल्या मार्गदर्शनाबद्दल.' मी टाळ्या वाजवणाऱ्यांत बसलो होतो, आणि टाळी वाजवली नाही. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पण त्या केसने मला एक शहाणपण दिलं. पुढे फसवणुकीच्या प्रत्येक प्रकरणात मी आधी विचारायचो: भाव कसा पाडला? वस्तूची तारीफ माणूस ठोकळ शब्दांत करतो, नावं मात्र जवळून पाहून ठेवतो. पुष्कळ जण याच प्रश्नावर अडकले.

जामिनावर सुटल्यावर व्यापारी मास्तरकडे तडजोडीला आला. कोर्टाचं कोर्ट पाहील, मास्तर म्हणाला, पण ज्या ग्रुपवर मला चोर म्हटलंत तिथेच माफी मागा. मजकूर ठरवायला त्याने मला बोलावलं. व्यापाऱ्याने लिहून आणलं होतं, 'थोडा गैरसमज झाला.'

"'थोडा' काढा," मी म्हटलं.

काढला.

"'गैरसमज' काढा. 'मी खोटं बोललो' लिहा."

"साब, कुछ तो कम करो! मार्केट में इज्जत है मेरी."

"मास्तरची नव्हती?"

त्याने लिहिलं. माझ्यादेखत पाठवलं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या मालकाने स्वतः गाडी पाठवली, आणि मास्तर गणिताच्या तासाला परत उभा राहिला.