उसने पाहुणे

"बाई, तुमच्या इथी मंडईले किती पाहुणे येऊन राह्यले?"

शेजारीण कुंपणापलीकडून विचारत होती. दिवाळी नुकतीच झाली होती आणि ती अंगण सारवत होती. मी दोरीवरचे कपडे काढत होते. प्रश्न ऐकून माझं डोकंच फिरलं. कुरखेड्याजवळच्या या गावात येऊन आम्हाला जेमतेम एक पावसाळा झाला होता. नवऱ्याची वीज खात्यातली बदली. आमची सगळी माणसं सांगली जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. इथं कोण डोंबल येणार होतं!

"कुणी येणार नाही," मी म्हणाले. "आणि मीही राहणार नाही. मंडई झाली की पुढच्या आठवड्यात माहेरी चाललेय. बॅग भरून ठेवलीये."

तिचा सारवणारा हात थांबला. "मंडईले घर रिकामं?" एवढंच ती म्हणाली आणि माझ्या दाराकडं बघत राहिली. मला वाटलं, बाईनं टोमणा मारला. मी कपडे उचलले आणि दार जरा जोरातच लावलं.

तेव्हा मला मंडई काय असते हे नीटसं ठाऊक नव्हतं. धान कापून झालं की इकडं एकेका गावाची मंडई भरते. त्या दिवशी लेकीजावई, व्याही, मामा-मावश्या, मित्र, मित्रांचे मित्र, सगळे त्या गावात उतरतात. दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. ज्याच्या घरी जास्त चपला, त्याची मान ताठ. आणि जिथं एकही पाहुणा नाही, असं घर गावात नसतंच.

मी एकटी पडले होते, हे सरळ सांगते. तशी मी बोलघेवडी. माहेरी आणि सासरी दोन्हीकडं माझं तोंड बंद नसायचं. इथं आल्यावर पहिला धक्का दिला तो जंगलानं. येताना गाडीतून मी ते संपायची वाट बघत होते. ते संपलंच नाही, त्यातच गाव आलं. घरामागं शेत, शेतामागं साग आणि ऐनाची झाडं, त्यामागं किती दूरवर काय, ते कुणी सांगत नव्हतं. "पाचच्या बादमधी तिकडे जाऊ नोका, वाघ फिरून राह्यला," असं इथली माणसं आज नळाला पाणी उशिरा येणार आहे असं सांगावं तसं सांगायची. मला त्या झाडांची भीती वाटायची आणि त्यांच्यावरून नजरही हटायची नाही. भात कापायच्या आधी एका सकाळी धुकं खाली उतरलं होतं आणि सगळं शिवार पिवळं, ओलं आणि गप्प होतं. मी हातातला केर टाकायचा विसरून तिथंच उभी राहिले. असं काही दिसलं की कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटतं. हाक मारायला कुणी नव्हतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शेजारणीला शेंगदाण्याची चटणी दिली, तर तिनं त्याच वाटीतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पाठवले. ते कसे करतात हे विचारायला मी गेले, तेव्हा तिच्या सासूनं घाबरून विचारलं, "ह्या बाई भांडून राह्यल्या का?" मी नुसती विचारत होते हो! आमच्या सांगलीकडं विचारायचं म्हणजे असंच विचारतात, खणखणीत. त्यानंतर मी हळू बोलायला लागले, मग कमी बोलायला लागले, आणि शेवटी आईला फोन करून म्हणाले, "थोडे दिवस येते." थोडे म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. नवऱ्याची इथली दोन वर्षं तरी हलणार नव्हती. तोही "जा" म्हणाला आणि माझ्याकडं न बघता मोजे घालत बसला.

मंडईचा दिवस उजाडला तेव्हा मी दार लावूनच बसणार होते. पण सकाळपासून रस्त्यावर जे सुरू झालं, ते बघायला खिडकीत आलेच. मोटरसायकली, ट्रॅक्टर, खचाखच भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा. प्रत्येकीतून माणसं उतरायची, उतरतच राहायची. काल ज्या मैदानात दोन म्हशी बसल्या होत्या तिथं आज पाळणे, बांगड्या, जिलेबीच्या कढया. एवढी माणसं या जंगलात राहतात? मग रोज असतात कुठं?

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात एक म्हातारी. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, कपाळावर गोंदण.

"तुमच्या इथी उतरू का व बाई? बाजूच्या घरी पाय ठेवाले जागा नाई."

मनात म्हटलं, वा! शेजारणीनं जवळच्यांना घरात घेतलं आणि उरलेलं लांबचं माणूस माझ्याकडं ढकललं. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? "या की," म्हटलं. तिनं पाय धुतले, पिशवीतून नव्या धानाचे पोहे काढून माझ्या ओट्यावर ठेवले आणि झाकणं उघडून पाहिली.

"भात नाई मांडला?"

"भाकरी करतेय. ज्वारीची."

ती माझ्या शेजारी पाटावर बसली आणि मी भाकरी थापताना टक लावून बघत राहिली. मग गरम भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन म्हणाली, "जाडजूड हाय, पन गोड हाय." आणि दुसरी मागितली. बोलायला लागली ती थांबेचना. तिची म्हैस, तिचे दुखरे गुडघे, मोहफुलं वेचताना दिसलेलं अस्वल. मी विसरून माझ्या जुन्या आवाजात बोलायला लागले, तर तिचा आवाज माझ्याहून मोठा!

दुपारी ती मला ओढतच मंडईत घेऊन गेली. गुरं राखणारी गोवारी मंडळी ढाल, म्हणजे मोरपिसं बांधलेला उंच बांबू, नाचवत आली, तेव्हा गर्दी आपोआप दोन बाजूंना सरली. तो बांबू एका माणसानं नुसत्या हातावर तोलला होता आणि सगळ्या माना वर. मी तोंड उघडं टाकून बघत होते. म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. वाटेत भेटेल त्या बाईला ती माझ्याकडं बोट दाखवून सांगायची, "मी यायच्या घरी उतरली." मग ती बाई माझ्याकडं नीट बघायची, हसायची, कुठल्या म्हणून विचारायची आणि म्हणायची, "आमच्या मंडईलेही या." सकाळपर्यंत मला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं. आता माझ्या घरात एक पाहुणी उतरली होती, एवढ्यावर मी या माणसांत धरले गेले होते. मला ते खरंच वाटेना.

संध्याकाळी समोरच्या घरातून आणखी दोघी आल्या, मागच्या घरातून एक बाई लेकीला घेऊन आली. सगळ्यांचं एकच, तिकडं जागा नाही. नवरा कामावरून आला, दाराबाहेरच्या चपला बघून आपण भलत्याच घरी आलो असं समजून परत फिरला. मी हाक मारल्यावर आत आला. रात्री आम्ही चटया घेऊन नाटकाला गेलो आणि पहाटे येऊन माझ्या दोन खोल्यांत ओळीनं झोपलो.

सकाळी शेजारीण केटलीत चहा घेऊन आली. तिनं वाकून म्हातारीचा खांदा हलवला.

"आई, ऊठ व. गाडीची वेळ झाली."

मी कप मांडत होते, ते तसेच राहिले. "या तुमच्या आई?"

"मंग? मायीच आई होय."

म्हातारी उठून केस बांधायला लागली. त्या दोघी दारात एकमेकींशी बोलत होत्या, भराभर, एकीचं वाक्य दुसरी संपवत. रोवणी, कापणी, मोहफुलं, तेंदूपत्ता यांतून म्हातारीला वर्षातून एकदाच लेकीकडं यायला मिळायचं, मंडईला. आणि तो सगळा दिवस, ती सगळी रात्र तिनं माझ्याकडं काढली होती. ती गाडीत बसून गेली, गाडी झाडांत दिसेनाशी झाली, तरी आम्ही दोघी रस्त्यावर उभ्याच होतो.

"तुमच्या घरात इतकी माणसं होती," मी म्हणाले. "दुसरं कुणीही पाठवायचं. स्वतःची आई काऊन पाठवली?"

'का'च्या जागी 'काऊन' माझ्या तोंडून आपसूक निघालं होतं. तिनं ते लक्षातसुद्धा घेतलं नाही. पदर खोचत, साधंच उत्तर असावं तसं म्हणाली,

"तुमची आई लय दूर हाय ना, तिले याले जमत नाई. म्हनून मायी पाठवली."

मला रस्त्यातच रडू फुटलं. ती गडबडली, माझा हात धरून मला तिच्या घरात घेऊन गेली आणि समोर भात वाढला, सकाळी आठ वाजता.

घरी येऊन मी आईला फोन लावला. पुढच्या आठवड्यात येत नाही म्हणून सांगितलं. आईनं जपून विचारलं, "काय झालं? बरी आहेस ना?"

"मंडईला पाहुणे आले होते."

"तिथं? आपलं कोण आलं होतं गं?"

"आई आली होती. शेजारणीची. मला तिनं दिवसभरासाठी दिली होती."

पलीकडं आईनं नाक पुसलं आणि विचारलं, "जेवायला काय केलं होतंस तिला?"