खिडकीजवळचं टेबल

"पगार वाढवतायत, वर खिडकीजवळचं टेबल देतायत. अजून काय हवंय तुला? पायघड्या?"

"इतकी वर्षं मागत होते तेव्हा म्हणे जागाच नव्हती. राजीनामा दिला आणि लगेच जागा निघाली? कुठून?"

"तुला काय करायचंय कुठून? जाऊन बस!"

नवरा शाळेत खेळ शिकवतो. घरातही शिट्टी फुंकल्यासारखाच बोलतो. ती लेकीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. नोकरी देऊ केलेल्या नव्या लॅबला दुपारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

ती खोटे दात बनवते. ओळखीतले सगळे तिला 'बत्तिशी' म्हणतात. माणूस भेटला की तिचं लक्ष आधी त्याच्या दातांकडे जातं. लग्नाआधी नवऱ्याचा चेहरा म्हणे धड आठवायचा नाही, सुळा मात्र पक्का लक्षात होता. दात पांढरा असतो असं कुणी म्हटलं की तिला राग येतो. हिरडीपाशी तो पिवळसर, टोकाला किंचित निळसर. पण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसाच्या उजेडात दगा देतो आणि डॉक्टरांकडून दात परत येतो. म्हणून ती चिमट्यात दात धरून जिना उतरून रस्त्यावर धावते. एकदा एका बाईने तिला थांबवून विचारलं होतं, "अगं बाई, पडला? दुखतंय का फार?"

"सरांनी त्यांच्या लॅबमध्ये हाताला धरून शिकवलं मला," ती उठत म्हणाली. "सोडून जाताना जिवावर येतंय रे."

"मग राहा ना!"

चालता चालता तिचं ठरलं. राहायचं. 'सर, राहते मी,' असं तिने वाटेत दोनदा पुटपुटूनही पाहिलं.

लॅबमध्ये खरंच खिडकीजवळ तिचं टेबल मांडलेलं होतं. सरांनी स्वतः पुसलं असावं. कोपऱ्यात फडकं राहून गेलं होतं. ती बसली. दातांच्या रंगांची पट्टी उजेडात धरली, तर एकेक छटा वेगळी, स्पष्ट. तिला हसूच आलं.

मागून खोकला ऐकू आला. खोक्यांच्या कोठीतून.

आत प्लॅस्टरकाका होते. डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, हे त्यांचं काम. कोठीत एक बल्ब होता. हवा यायला फक्त दार. काकांच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. खिडकीपाशी आजवर काकाच बसायचे. जागा कुठून निघाली, ते आता तिला कळलं.

"काका, तुम्ही इथे?"

"बढती झाली माझी! स्वतंत्र खोली!" हसता हसता त्यांना पुन्हा ढास लागली.

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"विचारलं कुणी? तू राहतेयस ना, मग झालं. प्लॅस्टरला काय गं, ते अंधारातही घट्ट होतं."

"धूळ तुमच्या छातीत घट्ट होईल त्याचं काय?"

"होऊ दे. तेवढाच भरभक्कम दिसेन."

सर दारात येऊन उभे राहिले. खुशीत होते. "काय, आवडलं ना? दिलेला शब्द पाळला की नाही? आता लाव त्या नव्या लॅबला फोन. सांग, येत नाही म्हणून."

"सर, काकांना इथे..."

"त्यांचं मी बघतो. पंखा लावू एखादा. तुझ्यासाठीच केलं ना सगळं? बोल, राहतेस ना?"

काकांनी मान खाली घालून पुढचा ठसा उचलला. तो धुऊन ठेवलेलाच होता, तरी ते पुन्हा धुवायला लागले.

ती खिडकीपाशी आली. स्वतःच्या पैशांनी घेतलेले बारीक ब्रश तिने एकेक करून पुसले, रुमालात गुंडाळले. रंगांची पट्टी लॅबची होती. ती खणात ठेवली.

"अगं, काहीतरी विचारतोय मी!"

तिने वाकून सरांना नमस्कार केला, पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरू लागली.